बाइटांच्या विरोधात काढलेलं पत्रक

मी आजवर ज्यांच्याविरुद्ध पत्रकं काढली त्यांत कॅनॉलचं पाणी अडवणारे आहेत, वसतिगृहाची आमटी पातळ करणारे आहेत, खडी टाकून पसार झालेले ठेकेदार आहेत आणि एक सॉफ्टवेअर लायब्ररी आहे. शेवटचं ऐकून लोक हसतात. हसू देत. ते पत्रक मी अजून मागे घेतलेलं नाही.

लायब्ररी म्हटल्यावर मलाही आधी कपाटं आणि धूळच दिसली होती. तसं नसतं. प्रोग्रॅम लिहिणारे सगळं काही स्वतः लिहीत नाहीत. कुणीतरी कुठेतरी एखादं काम नीट करून ठेवलेलं असतं, फुकट वाटलेलं असतं; हे लोक ते उचलतात आणि आपल्या प्रोग्रॅमला जोडून देतात. त्या उचललेल्या मालाला लायब्ररी म्हणतात. माझी जिच्याशी गाठ पडली तिचं काम एवढंच, की संगणकाच्या मेमरीत भरलेल्या मजकुरातून सांगितलेला बाइट, म्हणजे अक्षराचा तुकडा, पापणी लवायच्या आत हुडकून द्यायचा. पाणी नाही, वीज नाही, रस्ता नाही. हुडकणं. एवढ्या साध्या कामात अन्याय कुठून शिरणार, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं.

मी रहिमतपूरची, चळवळ साताऱ्यात. चळवळ म्हणजे आम्ही सात-आठ जण, एक बॅनर आणि एक देणगीत आलेला लॅपटॉप, ज्याचा पंखा घरघंटीसारखा वाजायचा. त्या वर्षी आमच्या हातात विषय होता मेढ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीची मुक्कामी गाडी. संध्याकाळी साताऱ्याहून निघायची, मेढ्यावरून डोंगर चढायची, वाडीत रात्र काढायची आणि पहाटे खाली यायची. ती आता मेढ्यापर्यंतच न्यायची असं वरून घाटत होतं. वर माणसं चढत नाहीत म्हणे.

वर चढणाऱ्या माणसांपैकी एक मुलगी होती. साताऱ्यात नर्सिंग शिकायची. बाप फौजेत, सीमेवर कुठेतरी. घरी आई, दोन म्हशी, चार शेळ्या आणि उतारावरचं भाताचं रान. वसतिगृहात नंबर लागला नव्हता, आणि लागला असता तरी आई एकटी पडली असती. मेढ्यापासून वाडीपर्यंतचा रस्ता जंगलातला. आईने तिला सरळ सांगून ठेवलं होतं की गाडी हाय तवर शीक, गाडी गेली की घरी बस. दोघींत त्यावर भांडणही नव्हतं, इतकं ते ठरलेलं होतं. मलाच राग येत होता.

राग कुणावर काढायचा, तर एसटीच्या साहेबांवर. प्रवाशांच्या तक्रारी ऐकायला दर महिन्याला साताऱ्यात एक बैठक व्हायची, आणि तिथल्या मोठ्या खुर्चीवरचे साहेब तसे हसतमुख, पोरीबाळींशी थट्टा करणारे गृहस्थ होते. त्यांची एक रीत होती. आपण प्रश्न विचारायचा. त्यांनी मान डोलवून ऐकायचं, मग म्हणायचं, "असं काही ठरलेलं नाही," आणि त्याच श्वासात, "पुढचा विषय." आपण कागद चाळून मागचं आश्वासन काढेपर्यंत पुढचाच काय, त्याच्याही पुढचा विषय उरकलेला असायचा. वर चहा यायचा. चहा पिऊन भांडता येत नाही.

आमचीही एक रीत होती. चळवळीतल्या जुन्या माणसांनी आम्हाला शिकवलं होतं की पत्रकात विशेषणं आपली वापरा, पण समोरच्याची वाक्यं त्याचीच राहू द्या. म्हणून आम्ही प्रत्येक बैठक फोनवर रेकॉर्ड करायचो आणि नंतर शब्दन् शब्द टाइप करायचो. साहेब हसले तर "साहेब हसले", खोकले तर "साहेब खोकले". ज्याला वेळ असेल तो टाइप करायचा, आणि ज्याने त्याने आपल्या बोलीत. एकाचं "नाही", दुसऱ्याचं "न्हाई", तिसरीचं "नाय". आणि हे सगळं, त्यात डाउनलोड केलेली परिपत्रकं, नियम, सुधारित नियम, सुधारणेची सुधारणा, एकाच फाईलमध्ये. वर्षानुवर्षं. एकाखाली एक.

सांगलीत माझा मावसभाऊ आहे. माझ्याहून वर्षाने लहान, पुण्यातल्या कंपनीचं काम मावशीच्या माळ्यावर बसून करतो. मी त्याला फाईल दाखवली तेव्हा तो बराच वेळ नुसता खाली खाली जात राहिला.

"अक्का, ही फाईल हाय का उसाची मोळी? सगळं एकातच कशाला कोंबलंय?"

"एकजूट," मी म्हणाले.

त्याने कपाळाला हात लावला, पण लॅपटॉप परत दिला नाही, म्हणजे काम घेतलं होतं. मला काय हवं ते मी सांगितलं. साहेबांनी तोंड मिटायच्या आत, म्हणजे "ठरलेलं नाही" आणि "पुढचा विषय" यांच्या मधल्या फटीत, त्यांचं जुनं वाक्य समोर आलं पाहिजे. त्या मुलीचं म्हणणं होतं की साहेबांनी मागे एका बैठकीत गाडीबद्दल शब्द दिला होता. कधी, ते तिला आठवत नव्हतं. टाइप कुणी केलं, ते आम्हाला आठवत नव्हतं. फाईलमध्ये असणार एवढं नक्की.

तो म्हणाला की हे डाव्या हाताचं काम आहे. ती हुडकणारी लायब्ररी घेतली, तिच्याभोवती प्रोग्रॅम बांधला, आणि आमच्या सतरा बोली लक्षात घेऊन एक ढिला तपासनीसही ठेवला. म्हणजे लायब्ररीने जागा दाखवायची आणि तपासनिसाने तिथे थांबून, हा शब्द आपला का, की कुणाच्या वेगळ्या लिहिण्यातला आपलाच, ते ठरवायचं. मावशीच्या ओट्याजवळच पहिली चाचणी झाली. मी "मेढ्या" असं लिहिलं आणि बटण दाबलं. पंखा गरगरू लागला. मावशीने चहा टाकला, उकळला, गाळला, आम्हाला दिला. मी अर्धा कप प्यायले तेव्हा उत्तर आलं.

मी उरलेला अर्धा कप संपवला.  मावसभाऊ आपला कप तसाच ठेवून माळ्यावर गेला आणि जेवायच्या वेळी खाली आला तो चेहरा पाडून.

त्याने सांगितलं ते असं. संगणकाच्या पोटात आपलं प्रत्येक अक्षर तीन तुकड्यांत ठेवलेलं असतं. तीन बाइट. आणि देवनागरीतल्या झाडून सगळ्या अक्षरांचा पहिला तुकडा एकच असतो. दुसऱ्या तुकड्यालाही फार निवड नाही, दोनांपैकी एक. वेगळेपण काय ते तिसऱ्यात. लायब्ररीला एखादा शब्द दिला की ती त्यातला एक तुकडा निवडते, आणि मजकुरात तो जिथे दिसेल तिथे थांबून तपासनिसाला हाक मारते. आमच्या बाबतीत तिने निवडला होता पहिला.

"जत्रेत मामा हुडकायला गेल्यासारखं हाय," तो म्हणाला. "पांढरी टोपी दिसली की थांबायचं आणि इचारायचं, मामा तुमीच का?"

"मग दुसरी खूण का नाही बघत?"

इथे तो जरा घुटमळला. त्याला मी माहीत आहे. मग म्हणाला की लायब्ररी खरं तर हुशार आहे. शब्दातला जो तुकडा सगळ्यात दुर्मिळ तोच ती निवडते. कुठला तुकडा दुर्मिळ आणि कुठला रोजचा, याचा एक तक्ता तिच्या पोटात बसवलेला आहे.

"आणि त्या तक्त्यात आपला पहिला तुकडा?"

"दुर्मिळ."

लक्षात घ्या. कोट्यवधी माणसांच्या प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर असलेला तुकडा, आणि तो कुठल्याशा तक्त्यात दुर्मिळ. का, तर तक्ता करणाऱ्याने ज्या मजकुरावरून मोजलं त्यात आम्ही जवळपास नव्हतोच. आम्हाला मोजलंच नाही आणि वर शिक्का मारला की तुम्ही क्वचित आढळता. हे मी आधी ऐकलेलं होतं. वर माणसं चढत नाहीत म्हणून गाडी बंद, हाच तो हिशोब. मावसभाऊ म्हणत होता की अगं, त्यांनी मुद्दाम नाही केलं. मुद्दाम कुणीच काही करत नाही. तरी पाणी तुंबतंच.

रात्रीत पत्रक तयार झालं. "जाहीर निषेध" हे मथळ्यात आलंच, खाली "आमच्या अक्षरांना दुर्मिळ ठरवणाऱ्या परकीय तक्त्याचा धिक्कार असो", आणि त्याच्याखाली चार मागण्या, त्यातली चौथी नुसती संख्या भरायला. सकाळी मी सांगलीतल्या आमच्या छापखान्यात गेले. छापखानेवाले चाचा पिढीजात याच धंद्यातले. लग्नाच्या पत्रिका, उरुसाची पोस्टरं आणि आमची पत्रकं एकाच यंत्रावर निघतात. त्यांनी मजकूर चष्मा वर करून वाचला, खाली करून वाचला.

"पोरी, ह्यो तक्ता राहतो कुठं?"

मी म्हणाले, त्याला पत्ता नाही, तो संगणकात असतो.

"मग मोर्चा कुठं न्यायचा?"

हा प्रश्न मला पडला नव्हता. चाचांनी मात्र छापून दिलं, कागद पिवळा वापरला, कारण पांढरा लग्नाला राखून ठेवला होता. "धिक्कार" मोठ्या टायपात घेऊ का, म्हणून त्यांनीच विचारलं.

रहिमतपूरच्या बाजारात मी ती पत्रकं वाटली. उंब्रजला हायवेच्या कडेला वाटली. माझा अनुभव असा की लोक निषेध कशाचा ते फार बघत नाहीत, निषेध करणारी ओळखीची आहे का ते बघतात. एका भाजीवाल्या बाईने पाठिंबा दिला आणि पत्रकात मिरच्या बांधल्या. उंब्रजला एका टपरीवर तीन गडी गंभीरपणे चर्चा करत बसले की बाइट म्हणजे पुढारी टीव्हीवाल्यांना देतात तीच का, आणि ती बंद होणार असेल तर आपलाही पाठिंबा हाय. मी खुलासा केला नाही. पाठिंबा मिळत असताना खुलासा करू नये, हेही चळवळीतच शिकलेय.

मावसभावाने माझ्या नकळत वेगळंच काम केलं. ती लायब्ररी सांभाळणाऱ्या दूरदेशीच्या माणसाला त्याने चार सभ्य ओळी लिहिल्या. धिक्कार नाही, मागण्या नाहीत. आमच्या भाषेत असं असं होतंय, एवढंच. एक-दोन दिवसांत उत्तर आलं. तो माणूस म्हणत होता की तुमचं बरोबर आहे, तक्ता तुमच्या लिपीला न्याय देत नाही. पण तुमचा तक्ता तुम्ही देऊ शकता. त्यासाठी दार आधीच ठेवलेलं आहे, अमुक पानावर बघा.

मी विचारलं, "ते पान तू वाचलं नव्हतंस?"

"लय लांब हुतं गं."

म्हणजे उघड्या दारासमोर उभं राहून आम्ही घोषणा देत होतो. मावशी तेव्हापासून मला पुढारी म्हणते. पिवळ्या पत्रकांचा उरलेला गठ्ठा तिने फडताळात अंथरायला घेतला. पण मी म्हणते, दार ठेवलं म्हणून भिंत चुकीची नव्हती असं होत नाही. शिवाय दार ठेवणाऱ्याने निदान "तुमचं बरोबर आहे" असं म्हटलं होतं. आमच्या साहेबांनी ते आजवर कुठल्याच बैठकीत म्हटलेलं नाही. खात्रीने सांगते, शोधून बघितलंय.

मग आम्ही आमचा तक्ता केला, आमच्याच मोळीतून. सगळी फाईल प्रोग्रॅमला चारली आणि कुठला तुकडा किती वेळा येतो ते मोजायला लावलं. पहिला तुकडा अर्थातच डोंगराएवढा. काना भरपूर, र भरपूर, त भरपूर. तळाशी ज्यांची गर्दी नाही अशी चार-दोन अक्षरं, आणि त्यांत ढ. शाळेत ज्या अक्षराने पोरांना चिडवतात ते. मेढ्याच्या मधोमध तेच बसलेलं होतं, आणि कुणी मेढ्याला लिहा, मेढ्यास्नं लिहा, नाहीतर मेढ्याकडनं लिहा, ते जागचं हलत नव्हतं. आता लायब्ररी मधल्या ढच्या तिसऱ्या तुकड्यालाच पकडून धावणार होती. मावसभावाने बटण दाबलं आणि मी म्हणाले, दाब की. तो म्हणाला, दाबलं. उत्तर पडद्यावर येऊन उभं होतं. पंख्याला सुरू व्हायलाही वेळ मिळाला नव्हता.

बैठकीला आम्ही तिघं गेलो. मी, तो, आणि कॉलेजचा तास बुडवून ती मुलगी. साहेब त्या दिवशी भिंतीवर चित्रं दाखवून काहीतरी समजावणार होते, म्हणून पडद्याची सोय केलेली होती. मावसभावाच्या गळ्यात कंपनीचं कार्ड होतं आणि अंगावर पुण्यातला टी-शर्ट. तिथल्या शिपायाने त्याला आपल्यातलाच समजून वायर हातात दिली आणि "जरा ते चालू होतंय का बघा" म्हणून पाणी आणायला गेला. मी कुणाला काही खोटं सांगितलं नाही. कुणी विचारलंच नाही.

आमच्या गाडीचा विषय निघाला. मी उभी राहिले, बोलले, जरा जास्तच बोलले. साहेबांनी मान डोलावली.

"मेढ्याच्या पुढे गाडी नेण्याबाबत कुठलंही आश्वासन या बैठकीत दिलं गेलेलं नाही."

त्यांचं "पुढचा" निघायच्या आत मावसभावाने आमच्या लॅपटॉपवर बटण दाबलं आणि त्यांच्यामागच्या भिंतीवर वाक्य उमटलं, हाताएवढ्या अक्षरांत: "साहेब: मेढ्यापास्नं वरची मुक्कामी गाडी मी या खुर्चीत असेपर्यंत बंद होणार नाही." सभागृह भिंतीकडे बघायला लागलं. साहेबांना कळेना सगळे काय बघतायत. ते वळले आणि त्यांनी वाचलं. पण माणूस मुरलेला होता.

"हे तुम्हीच टाइप केलंय," ते मला म्हणाले. "मी 'मेढ्यापास्नं' असं बोलत नाही."

खरं होतं. ते तसं बोलत नाहीत. टाइप करणारा बोलतो. आमच्या एकजुटीतली ही फट त्यांनी बरोबर पकडली होती, आणि ते रेकॉर्डिंग ज्या फोनवर होतं तो फोन कधीच विहिरीत पडलेला होता. माझ्याकडे विशेषणं होती. दुसरं काही नव्हतं. साहेबांचा हात पुढच्या कागदावर गेला.

तेव्हा ती मुलगी उठली. ती बैठकीत कधी बोलत नसे, माझ्याशीही मोजकंच बोलायची.

"साहेब, तुमी माझ्याकडं बघूनच म्हणला हुता. मी तिथं खिडकीपाशी बसली हुते."

"बाळ, मला रोज इतकी माणसं भेटतात."

"तुमी म्हणला, नर्स झालीस की मला सुई हळू टोच."

साहेब हसले. असं मी कशाला म्हणेन, असं काहीतरी म्हणू लागले. मावसभावाने मान वर केली नव्हती. त्याने "टोच" एवढंच लिहिलं. भिंतीवरची ओळ बदलली: "साहेब (हसत): नर्स झालीस की मला सुई हळू टोच बरं का. (हशा. साहेब खोकले.)"

सभागृहात आधी कुणीतरी एक फिस्सकन हसलं, मग सगळेच. वाक्य त्यांचंच होतं, अगदी त्यांच्या आवाजातलं. तिथे बसलेल्या प्रत्येकाने त्यांच्या तोंडून असल्या थट्टा ऐकलेल्या होत्या. आमच्यातल्या कुणाला असली ओळ रचता आली नसती, आमच्या ओळीत धिक्कार असतो. साहेब स्वतःही हसले, आणि हसता हसता त्यांना खोकला आला. मग मात्र लोकांनी बाकं वाजवली.

पाणी पिऊन झाल्यावर ते तिच्याकडे बघून म्हणाले, "कितवं वर्ष?"

"दुसरं."

"म्हणजे अजून टोचायला आली नाहीस."

"संत्र्याला टोचतीय साहेब, सरावाला. माणसं पुढच्या वर्षी."

त्यांनी शेजारच्या कारकुनाला लिहून घ्यायला सांगितलं की गाडी वरपर्यंत जाईल, मुक्काम वाडीतच. मी म्हणाले, लेखी द्या. ते म्हणाले, तुमच्या भिंतीवर आहेच की. लेखी मात्र दिलं. शिपाई वायर मागायला आला तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता, पण त्याने मावसभावाला हळूच विचारलं की त्याच्या बदलीबद्दल कोण कधी काय बोललं तेही यातून निघेल का.

त्या संध्याकाळी मी हट्टाने तिच्याबरोबर गाडीत चढले. वाचवलेली गाडी बघायला नको? मावसभाऊही आला. मेढा मागे पडला तेव्हा गाडीत आम्ही धरून नऊ-दहा जण उरलो होतो. ती खिडकीला डोकं टेकून झोपली होती, पुस्तक मांडीवर उघडं. वाडीत शाळेसमोर गाडी थांबली, उजेड अजून थोडा होता. ड्रायव्हरने मागच्या सीटवर सतरंजी झटकली. मावसभावाने त्याला विचारलं की सांगलीला जायचंय, साताऱ्याला परत किती वाजता निघणार.

"सकाळी," ड्रायव्हर म्हणाला, आणि उशी फुगवायला लागला.

सकाळी त्याची कंपनीची बैठक होती. त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी पत्रकच काढलंय त्याच्याविरुद्ध. तिच्या आईने आम्हाला बघून कपाळाला आठ्या घातल्या नाहीत आणि आभारही मानले नाहीत, भाकरी वाढल्या. मग मावसभावाला विचारलं की तुमी काय काम करता. त्याने जमेल तसं सांगितलं की हुडकायचं काम करतो. ती म्हणाली, मग आमची एक शेरडी दुपारधरनं दिसंना, ती तेवढी बघा. तो खरंच गेला, मोबाईलची बॅटरी लावून कुंपणाच्या कडेने, आणि ती मुलगी उंबऱ्यात उभी राहून हसत सांगत होती, "दादा, असं ये ये करू नका, ती आमच्या हाकेलाबी येत न्हाई."

पहाटे गाडी वेळेवर निघाली. त्याने बैठक गाडीतूनच धरली, कानात इयरफोनची बोंडं, घाटात आवाज तुटतोय, पुण्यातला त्याचा साहेब काहीतरी विचारतोय. पुढच्या सीटवर ती मोठ्याने हाडांची नावं पाठ करत होती. मध्येच तो वाकून तिला म्हणाला, जरा हळू म्हण, तिकडं ऐकू जातंय. तिने आवाज अजिबात कमी केला नाही. परीक्षा तिची होती.